तापीकाठच्या सात नळ्या

खानदेशात मी फेब्रुवारीच्या अखेरीस गेले आणि पाचव्या दिवशी परत आले. जाताना माझ्याबरोबर एक लांबट लाकडी पेटी होती. आत स्पंज, स्पंजात खोबणी, आणि खोबणी सगळ्या रिकाम्या. एसटीत एका गृहस्थांनी विचारलं, "बाजाची पेटी का?" मी नाही म्हटलं. आणि पेटी मांडीवर ओढून घेतली.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. भाजलेल्या पांढऱ्या मातीच्या नळ्यांना आतून लेप द्यायचा, हे माझं काम. नळी हातभर लांब, मनगटाएवढी जाड, आणि तिच्या आत मधाच्या पोळ्यासारखी आरपार भोकं. गढूळ पाणी दाबाने त्या भोकांतून सोडलं की नितळ पाणी नळीच्या अंगातून बाहेर पाझरतं आणि गाळ आतच राहतो. लेपामुळे पाझरण्याच्या वाटा इतक्या बारीक होतात की रोगाचे जंतूसुद्धा अडतात. प्लॅस्टिकची गाळणी दोन-तीन वर्षांत टाकून द्यावी लागते. ही नळी उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायची आणि पुन्हा वापरायची. वीज थोडी लागते, पाणी फारसं वाया जात नाही. लेप टिकला तर दहा वर्षंही चालेल, असं आम्ही कागदावर म्हणत होतो.

टिकतो की नाही ते बघायला दोन वर्षांपूर्वी दोन गावांत आम्ही ही यंत्रं बसवली होती. एक धुळ्याकडे सोनगीरला, दुसरं जळगावच्या पूर्वेला, वरणगावच्या पुढे तापीकाठच्या एका वस्तीत. दोन्ही ठिकाणी सात-सात नळ्या. या वर्षी प्रकल्पाची मुदत संपली. आमचे सर म्हणाले, "दोन्हीकडच्या नळ्या काढून आण. कापून बघितल्याशिवाय अहवाल पुरा होणार नाही."

बसवायला मी गेले होते, म्हणून काढायलाही मीच गेले.

सोनगीर

धुळ्यात उतरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन आत्ताच टोचत होतं. माझं माहेर दापोलीजवळ. तिकडे फेब्रुवारीत आंब्याला मोहोर असतो, विहिरीत पाणी असतं, सावली असते. इथे बसच्या खिडकीतून दूरवर काळी रानं दिसत होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग घातलेले होते. स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. वर लाल तेलाचा बोटभर तवंग. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "ताई, कमी तिखटाची सांगायची ना आधी," आणि न मागता दह्याची वाटी आणून ठेवली.

सोनगीर महामार्गालगतच आहे. वर उघडाबोडका किल्ला, खाली गाव, आणि गावात तांब्या-पितळेची भांडी ठोकल्याचा आवाज. ज्या खोलीत यंत्र होतं तिची किल्ली मथुराअक्कांकडे होती. अक्का सत्तरीच्या. बोअरच्या टाकीशेजारीच त्यांचं घर, म्हणून किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली.

"कोठून उनात?" त्यांनी विचारलं. पुण्याहून आले, असं मी सांगितलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, पण पेटीकडे बघून त्यांच्या लक्षात आलं. "त्या मशीनना का? ते बंद शे."

खोलीत कोळीष्टकं होती. मी एका टोकाचं झाकण उघडलं. नळीची भोकं दिसतच नव्हती. पांढरा, दगडासारखा थर बसून सगळी बुजली होती, जुन्या तांब्याच्या बंबात बसतो तसा.

"पयले महिनाभर चांगलं पानी उनं," अक्का दारातून सांगत होत्या. "मंग बारीक धार. मंग तेबी बंद. आम्ही फोन करा व्हता. कोनी उनं नही."

फोन आला होता. मला माहीत होतं. तो फोन माझ्याच टेबलावर आला होता, आणि मी "कळवते" म्हणाले होते. बोअरचं पाणी जड आहे हे बसवण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर लिहिलेलं होतं. पाण्यात विरघळलेला क्षार असली नळी अडवू शकत नाही. उलट तोच नळीला बुजवतो. तरी सोनगीर निवडलं, कारण गाव महामार्गावर आहे आणि पाहुण्यांना दाखवायला सोयीचं पडेल असं बैठकीत ठरलं. त्या बैठकीला मी होते. मी काही बोलले नाही.

अक्कांनी पितळेच्या तांब्यातून पाणी आणलं. आमच्याकडे आल्यागेल्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. इथे नुसतं पाणी, पण तांब्या असा लखलखीत घासलेला की त्यात तोंड दिसावं. तपासणीचा कागद मला आठवत होता. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी सगळं पाणी प्यायले. खारट होतं आणि जिभेवर मागे काहीतरी ठेवून गेलं.

"आते बठ्ठा गाव हाईच पेस," अक्का म्हणाल्या. सगळं गाव आता हेच पितं, असं सांगताना तक्रार नव्हती.

नळ्या निघेनात. क्षाराने त्या यंत्रातल्या आपल्या घरात चिकटून बसल्या होत्या. लाकडी हातोडीने ठोकता ठोकता पहिलीच नळी मधोमध मोडली आणि तिच्या धारेने माझा अंगठा कापला. रक्त बरंच आलं. अक्कांनी हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि मला ओट्यावर बसवून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा पुढे ठेवला. "जेवी ले, बेटा. काम कोठे पळी जास?"

मी डाव्या हाताने भाकरी धरून उजव्या हाताच्या चार बोटांनी जेवले. दुपारी तीनपर्यंत सात नळ्या निघाल्या, त्यातल्या तीन मोडक्या. निघताना अक्कांनी किल्ली पुढे केली. मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडे. त्या म्हणाल्या, "मंग ते खोलीमा मी गवऱ्या ठेवसु." मी ठेवा म्हटलं. एवढ्याशा होकाराने मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच नंतर बसमध्ये लाज वाटत राहिली.

पाचोरा, जळगाव

दुसऱ्या दिवशी चाळीसगाववरून पाचोऱ्याला आले आणि तिथे पुढच्या गाडीसाठी फलाटावर दीड तास बसले. शेजारी एक शिक्षिका होत्या, जळगावला लेकीकडे निघालेल्या. माझा बांधलेला अंगठा बघून त्यांनी चौकशी केली. मग बोलणं पाण्यावर गेलं. इकडच्या शहरगावांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी आठवड्याने. आलं की घरातली एक व्यक्ती सुटी घेते, म्हणाल्या. पिंप, कळशा, पातेली, सगळं भरून घ्यायचं.

"तुमच्याकडे रोज येतं?"

"रोज," मी म्हटलं. दापोलीला तर पाणी नको नको म्हणेपर्यंत येतं.

"मग तुम्ही पाण्याचं काम कशाला शिकलात?" त्यांनी सरळ मनाने विचारलं.

मी गाडी येते का ते बघत राहिले. खरं तर मी पाण्याचं काम शिकलेच नाही. मी लेपांचं काम शिकले. पाणी नंतर आलं, कारण पाण्यासाठी निधी मिळत होता.

जळगावात त्या रात्री लॉजजवळच्या खानावळीत वांग्याचं भरीत मिळालं. पांढरट-हिरवी मोठी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. भरताला धुराचा वास असतो आणि वर कच्च्या कांद्याची पात. आमच्याकडे भरतात दही घालतात. इथे तसं म्हटलं तर लोक हसतील. मी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवसाच्या कामाची चिंता वाटत नव्हती, कारण दोन वर्षांत तापीकाठच्या वस्तीतून एकही फोन आला नव्हता. तिथेही यंत्र बंद पडलं असणार आणि लोकांनी नाद सोडला असणार, असं मी धरून चालले होते.

तापीकाठ

भुसावळ सोडलं की दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी बराच वेळ दिसत राहतात. वरणगावहून रिक्षा केली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. बाहेर ऊन आणि बागेत अंधार. मग बागा संपल्या, रस्ता उतरला आणि तापीचं पाणी दिसलं. रुंद, संथ, मातकट. धरणाच्या फुगवट्यात गाळ फार. पावसाळ्यात इथलं पाणी चहासारखं दिसतं.

वस्ती गावाच्या उताराला आहे, नळाच्या ओळीच्या अगदी शेवटी. बहुतेक घरं बौद्ध. यंत्राची खोली विहाराला लागून. दार उघडं होतं आणि पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मी दारातच थांबले.

फरशी पुसलेली होती. दाबाच्या काट्याची काच चकचकीत. भिंतीवर पाटी, पाटीवर खडूने नळ्या कधी धुतल्या त्याच्या वेळा. नळातून पाणी पडत होतं आणि दोन बायका हंडे भरत होत्या. ते पाणी मी हातावर घेतलं. त्याला काहीच वास नव्हता, काहीच चव नव्हती.

"या ताई. तुमचं पत्र आलं व्हतं," मागून आवाज आला. वामननाना. वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले, खिशात पान्हा. यंत्र बसवलं तेव्हा तेच माझ्या हाताखाली होते, किंवा मीच त्यांच्या. "म्हटलं, दोन वर्सांनी मशीन तपासाले येऊन राह्यल्या. बघा कसं चालू हाये."

मी म्हटलं, "नाना, तुमचा कधी फोनच आला नाही."

"बिघडलंच नाही तर फोन काहून करायचा?"

त्यांनी मला सगळं दाखवलं. पावसाळ्यात नळ्या दिवसातून चारदा धुवाव्या लागतात, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. आम्ही दोनदा सांगितलं होतं. गाळाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते पाटाने विहारामागच्या शेवग्याच्या झाडांना सोडलं होतं. विजेचा दाब कमी झाला की पंप आपोआप बंद व्हावा अशी एक साधी सोय फॅक्टरीतल्या मित्राकडून करून घेतली होती. आमच्या अहवालात हे कुठेही नव्हतं.

नंतर त्यांनी मला घरी नेलं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका तरुण बाईचा फोटो होता. नानांची सून, सुजाता. यंत्र येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात वस्तीत कावीळ पसरली, तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. पाण्यातून येणारी ती कावीळ गरोदर बाईला फार वाईट. आठव्या दिवशी ती गेली, मूलही गेलं. नानांचा मुलगा तेव्हापासून सुरतेला असतो, घरी क्वचित येतो.

हे मला आधी माहीत होतं. बसवण्याच्या दिवशी नानांनी एकच प्रश्न विचारला होता, "ताई, काविळीचा जंतू अडते का यात?" आणि मी म्हटलं होतं, लेप शाबूत आहे तोवर अडतो.

"दोन पावसाळे गेले," नाना म्हणाले. "वस्तीत एकालेबी कावीळ नाही."

नानांची लेक प्रज्ञा वरणगावला दवाखान्यात परिचारिका आहे. ती सुटी घेऊन आली होती. तिने तापीचे मासे केले होते. आमच्याकडे मासा म्हणजे नारळ आणि कोकम. इथे शेंगदाण्याचं तेल, लसूण, लाल तिखट आणि नदीच्या माशाचे बारीक काटे. मी काटे काढत हळूहळू जेवत होते, कारण जेवण संपलं की मला बोलावं लागणार होतं. शेवटी ताटावरच सांगितलं, की मी नळ्या काढून न्यायला आले आहे.

 नानांनी हात धुतला, पुसला, चष्मा लावला आणि पत्र मागितलं. माझ्याजवळच्या प्रतीतली ओळ वाचली. पत्रात "नमुने संकलित करणे" असं होतं.

"नमुने म्हणजे सगळ्या?"

"सातही."

"दुसऱ्या देणार?"

"सध्या नाही. दुसरा टप्पा मंजूर झाला तर."

प्रज्ञा म्हणाली, "ताई, जूनमध्ये पाणी गढूळ होतं. तीन महिने राहिले."

नाना विचार करत होते. फिटर विचार करतो तसा, वस्तूकडे बघत. "चार न्या," ते म्हणाले. "तीन ठेवा. रिकाम्या चार जागांले बूच मारून देतो. पाणी कमी येईल. पिण्यापुरतं येईल. बाकीचं धुण्याले नदी हाये."

ते अगदी बरोबर होतं. तीन नळ्यांवर यंत्र चाललं असतं. चार नळ्यांवर तपासणीही झाली असती.

घरात रेंज नव्हती. मी नदीच्या धक्क्यावर जाऊन सरांना फोन केला. सर चांगले माणूस आहेत, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, सोनगीरच्या नळ्या गेल्या कामातून. आता ही एकच जागा आहे जिथे लेप टिकलाय असं आपण दाखवू शकतो. सातही दाखवल्या तर कोणी शंका घेणार नाही. चारच आणल्या तर विचारतील, उरलेल्या तीन का नाही आणल्या? दुसरा टप्पा मिळाला तर शंभर गावांना यंत्रं जातील. एका वस्तीसाठी ते घालवायचं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्या एका शब्दाने मी सातही नळ्या न्यायचं कबूल केलं. भांडायला हवं होतं, खोटं सांगायला हवं होतं, तीन नळ्या मोडल्या म्हणून कळवायला हवं होतं. सोनगीरला तीन मोडल्याच होत्या, कोणी विचारलं नसतं. हे सगळं मला धक्क्यावरच सुचलं. पण पुन्हा फोन न लावता मी परत चालत आले.

नानांनी माझं तोंड बघितलं. "आधी बायांले पाणी भरू द्या," एवढंच म्हणाले.

प्रज्ञा घरोघर सांगून आली. बायका आल्या. हंडे, कळशा, बादल्या, एकीने तर मोठी परात आणली. कोणी माझ्याशी भांडलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "उद्यापासून काय?" नाना म्हणाले, "उकळून प्यायचं. वीस मिनिटं. मी सांगत जाईन." ती म्हणाली, "रोज उकळायले सरपण कुठून आणू, नाना?" नाना पंप बंद करायला वळले.

पंप बंद झाल्यावर खोली एकदम शांत झाली. मी पान्हा घ्यायला हात पुढे केला, तर नाना म्हणाले, "तुमचा अंगठा दुखावला हाये. मी काढतो." त्यांनी समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने ढिले केले, म्हणजे एका बाजूला ताण येऊन नळीला तडा जाऊ नये. प्रत्येक नळी दोन्ही हातांनी बाहेर घेतली, फडक्याने पुसली आणि उजेडाकडे धरून भोकांतून बघितलं. सात नळ्या, एकीलाही टवका नाही. सोनगीरच्या नळ्या मी गोणपाटात गुंडाळल्या होत्या. या माझ्या पेटीतल्या खोबणीत बरोबर बसल्या.

रिक्षा येईपर्यंत नाना नळ्यांच्या रिकाम्या घराला आतून तेल लावत होते. "गंजायले नको," म्हणाले. "दुसऱ्या आल्या तर बसवता आल्या पाहिजेत."

पुणे

पुढे जे झालं ते प्रवासात मोडत नाही, पण ते सांगितल्याशिवाय हा प्रवास पुरा होत नाही.

नळीचा लेप तपासायचा तर ती कापावी लागते. हिऱ्याच्या पात्याची करवत असते, पाण्याच्या धारेखाली चालते. पहिल्या नळीच्या चकत्या मी स्वतः केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली लेप सलग दिसला, जणू आदल्या दिवशी दिला असावा. दुसरीही तशीच, तिसरीही. तेवढ्यावर अहवाल लिहिता आला असता. पण उरलेल्या चार किती दाब सोसतात ते बघायचं ठरलं, म्हणून त्या फुटेपर्यंत दाब वाढवला. अपेक्षेपेक्षा दीडपट दाबाला फुटल्या. सरांनी सगळ्यांना पेढे दिले.

दुसरा टप्पा मंजूर झाला नाही. नाकारलाही नाही. विचाराधीन आहे.

मेच्या अखेरीस मी नानांना फोन केला. त्याआधी दोनदा नंबर लावून तोडला होता.

"बोला ताई. तपासल्या का नळ्या?"

"तपासल्या."

"कशा निघाल्या?"

"उत्तम निघाल्या, नाना. लेप जसाच्या तसा. अजून आठ-दहा वर्षं सहज चालल्या असत्या."

पलीकडे ते कोणाला तरी सांगत असल्याचं ऐकू आलं, "चांगल्या निघाल्या म्हणते." मग पुन्हा मला म्हणाले, "मग आता काम झालं ना तुमचं? परत धाडून द्या. पावसाच्या आत आल्या तर मी बसवून घेतो. तुम्ही येऊ नका उन्हाचं."

मी त्यांना सांगितलं. तीन कापल्या, चार फोडल्या.

 फोन तुटला की काय म्हणून मी हाक मारली.

"हाये," ते म्हणाले. "फॅक्टरीत आम्हीबी करायचो तसं. मालातला एखादा नग काढून फोडून बघायचा. तो चांगला निघाला की बाकीचा माल धाडून द्यायचा." पुढे म्हणाले, "सगळेच कोणी फोडत नाही, ताई."

मग त्यांनी माझ्या अंगठ्याची चौकशी केली, आणि फोन ठेवला.